सहा माणसं, चारशे आठ किलो

नेर्लेकर साहेबांनी बोट फिरवलं स्वतःच्या फोनवर,
वर, खाली, पुन्हा वर,
म्हणाले, हे बघ, अस्संच. फक्त आपल्या रंगात.
बोटाखालून सरकत होतं
कुठल्या तरी चारशे जणांचं तीन वर्षांचं काम,
लोण्यासारखं.

तक्रार नोंदवता यावी.
मिस्त्री कुठवर आलाय ते नकाशावर दिसावं.
पैसे तिथल्या तिथे. मराठी, हिंदी, आणि गुजरातीही,
घोडबंदरचे निम्मे सेक्रेटरी गुजराती आहेत.
आणि लिफ्ट बंद पडायच्या आधी
ॲपला कळायला हवं, की ही आता बंद पडणार.
दसऱ्याला. पूजेच्या वेळी. नारळ मी फोडीन.

मी वहीत लिहिलं: नारळ – साहेब.
बाकी सगळ्यापुढे माझं नाव.

"एकटीच तर आहेस," ते म्हणाले, मनापासून, समजावत,
"ना कुणाशी मिटिंग, ना कुणाची वाट बघणं.
मग वेळ जातो कशात?"

होईल सर, म्हटलं मी.
हा शब्द मला आईकडून आलाय.
लग्नसराईत तिच्या शिलाई मशीनवर
तो रात्री दोनपर्यंत चालायचा,
आणि ब्लाऊज नेणारी म्हणायची, बाई एवढा काठ उलटा लागलाय.

वागळे इस्टेटच्या गाळ्यात माझं टेबल
ग्रीसच्या डब्यांना लागून.
प्रिंटर अडला की मी. वायफाय गेलं की मी.
साहेबांच्या मेहुण्याच्या फोनमधली जागा संपली
की तीही माझ्याकडेच मागायची.
पहिल्या चाचणीत रोहिदास केणी
कोलशेतच्या खाडीत उभे दिसले,
भर पाण्यात, दीड तास.
साहेब म्हणाले, वा! नकाशा तर आला!

केणींबरोबर एकदा ढोकाळीला गेले, एका टॉवरमध्ये.
गौरीच्या हळदीकुंकवाला निघालेल्या बायका
लिफ्टमध्ये शिरत होत्या, ताटं सांभाळत.
सातवी आत आली आणि लिफ्ट ओरडू लागली.
दार मिटेना.
कुणी लिफ्टला म्हटलं नाही, थोडं ॲडजस्ट कर.
कुणी म्हटलं नाही, बाजूच्या विंगची बघ, कशी दहा नेते.
सातवी हसली, पदर आवरत उतरली,
व्हा पुढे, येते मागून.

केणी तंबाखू मळत होते.
"बोंब मारते ती टिकते," म्हणाले,
"मुकाट चढणारीचा रोप आम्हाला बदलावा लागतो."

त्या रात्री कोडची एक ओळ लिहिली नाही.
लिफ्टच्या पत्र्यावर असतं तसं कागदावर छापलं:
माणूस एक. कामं तीन. दसऱ्यापर्यंत.
उरलेल्या कामांपुढे महिने लिहिले,
खरे,
भीतीनं फुगवलेले नाहीत, भीतीनं कापलेलेही नाहीत.

साहेबांनी चष्मा काढून वाचलं, मग घालून.
"चौथं बसणार नाही?"
"बसेल सर. दार मिटणार नाही."

हसले नाहीत.
खिडकीबाहेर टेम्पो मागे घेत होता कुणीतरी,
त्याचं ते टूँ टूँ बराच वेळ.
मग म्हणाले, "आणि तू आजारी पडलीस तर?"

हे मी लिहिलं नव्हतं.
तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला माणूस
पहिल्यांदा वर बघत होता, दोर मोजत.
आणि मला एकदम दिसलं, की एकच आहे.

ते पुढे काही बोलले नाहीत.
दारापर्यंत जाऊन वळले फक्त,
"गुजराती तेवढी ठेव."

ठेवली. एक आठवडा गेला त्यात, दोन रविवार धरून.

दसऱ्याला नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही.
केणींच्या फोनच्या काचेवर कुंकवाचं बोट,
झेंडूची पाकळी चिकटलेली.
अकरा वाजून सात मिनिटांनी पहिली तक्रार आली,
स्वच्छ गुजरातीत:
लिफ्ट बरोबर चालतेय.
आतला पंखा फिरत नाही.